गारगोटीचे शेवटचे ठोसे

१

बॉक्सिंगमधला वेल्टरवेट वजनगटाचा चॅम्पियन आपल्याच जिममध्ये सरावाच्या बॅगखाली उताणा पडलेला सापडला. दोन्ही हातांत लढतीचे लाल ग्लोव्ह्ज होते, अंगात कोरडी चड्डी होती आणि डोळे उघडे होते. रिंगमध्ये कुणालाही न हरलेला माणूस टांगलेल्या पोत्यासमोर हरला, असं दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं. लिहिणाऱ्यानं स्वतःच्या वाक्यावर स्वतःच मान डोलावली असणार.

तपासाला आलेल्या निरीक्षक बाईंना या खेळाची मनापासून शिसारी होती. दोन धडधाकट माणसांनी एकमेकांची थोबाडं फोडायची, आणि ज्यांनी जन्मात कुणाची चापट खाल्ली नाही त्यांनी खुर्चीत रेलून 'मार, मार' म्हणून घसा फोडायचा, याला खेळ म्हणणाऱ्यांची त्यांना कीव येई. वरिष्ठांनी सांगितलं होतं, "हृदयविकार आहे. दोन जबाब घ्या आणि फाइल बंद करा." वरिष्ठ स्वतः पहिल्या रांगेत बसणारे. त्यांना बंद झालेल्या फायलीपेक्षा रद्द झालेल्या लढतीचं दुःख जास्त होतं.

मेलेल्याला सगळे 'गारगोटी' म्हणत. सोळाव्या वर्षी तो या जिममध्ये आला तेव्हा ट्रकच्या गॅरेजात टायर बदलणारा हाडांचा सापळा होता. पहिल्याच लढतीत दात पडला, तो थुंकून पुढे गेला आणि समोरच्याला दोरावर लोळवून आला. जितकं ठोकावं तितक्या ठिणग्या, म्हणून गारगोटी. तेविसाव्या वर्षी वेल्टरवेटचा किताब त्याच्या कमरेला आला आणि पाच वेळा आव्हान देणारे आले नि स्ट्रेचरवरून गेले. पण वय वाढतं तसं शरीरही वाढतंच. पावणेसदुसष्ट किलोच्या आत बसायचं म्हणजे तिशीच्या माणसानं शाळेतला गणवेश चढवण्यासारखं होतं. दर लढतीआधी तो स्वतःला पिळून काढी. किताबाच्या सहाव्या बचावासाठी दुसऱ्या दिवशी दुपारी अधिकृत वजन घ्यायचं होतं, आणि आदल्या संध्याकाळी तो गेला.

जिममध्ये बाईंना खुर्ची दिली ती उस्तादांनी, गारगोटीला पहिल्यापासून शिकवणाऱ्या कोचनी. पांढराशुभ्र सदरा, मऊ आवाज, थकलेले पण कोरडे डोळे. बाहेर कॅमेऱ्यांसमोर छाती बडवणाऱ्यांची जत्रा होती. हा म्हातारा मात्र शांत होता. त्या सगळ्या उकिरड्यात बाईंना हा एकच माणूस बरा वाटला.

"माझं एकच म्हणणं होतं, बाई," उस्ताद म्हणाले, "पोराला वरच्या वजनात जाऊ द्या. अंगातलं पाणी तोडून माणसं मरतात. पण ऐकतो कोण? मॅनेजरला किताब हवा." भिंतीवर त्यांचंच वचन रंगवलेलं होतं: 'वजन उतरवू नका, माणूस चढवा.' खाली त्यांचीच सही.

"काल तुम्ही इथेच होतात?"

"दुपारी एक वार्ताहर मुलगी आली होती, मुलाखतीला. पुढच्या खोलीत बसलो होतो. मागे हॉलमध्ये गारगोटी एकटाच बॅगवर सराव करत होता. तिनंही आवाज ऐकलाय. ती गेल्यावर थोड्या वेळानं मी घरी गेलो. त्याला आवाज दिला, तो 'हो' म्हणाला. तो त्याचा शेवटचा शब्द."

बाईंनी टांगलेल्या बॅगला नुसता तळहात लावून ढकललं. वरची साखळी अशी किंचाळली की सोबतच्या हवालदारानं कान धरले.

"तेल का घालत नाही?"

"मुद्दाम घालत नाही," उस्ताद हसले. "साखळी ओरडली की कळतं, ठोसा बसला. साखळी खोटं बोलत नाही."

वचनांची हौसच होती म्हाताऱ्याला. हॉलच्या मागच्या टोकाला एक जाड लाकडी दार होतं, कडी आणि कुलूप लावलेलं.

"ती वाफेची खोली. घाम काढायची," उस्तादांचा आवाज कडवट झाला. "या खोलीनं किती पोरांचं रक्त आटवलं! तीन वर्षांपूर्वी चारचौघांत कुलूप घातलं आणि चावी नदीत फेकली. पेपरात फोटो आला होता."

बाई निघणार तोच फोन आला. शवविच्छेदन करणारे डॉक्टर होते. "बाई, या जरा. त्याच्या ग्लोव्ह्जमध्ये एक गंमत आहे."

२

डॉक्टरांची गंमत म्हणजे ग्लोव्ह्जच्या आत काही नव्हतं. नुसते उघडे हात. डॉक्टरांना यात काय विशेष ते ठाऊक नव्हतं. कुणीतरी आरडाओरडा केला म्हणून त्यांनी फोन केला होता.

आरडाओरडा करणारा तिथेच उभा होता. मॅनेजर. त्याला सगळे 'शेठ' म्हणत. तरुणपणी बऱ्याच लढती हरलेला, बसक्या नाकाचा, दोन्ही कानांशी दोन फोन धरलेला. एका फोनवर तो रडत होता आणि दुसऱ्यावर 'श्रद्धांजली लढत' ठरवत होता. प्रेत अजून टेबलावरून उतरलं नव्हतं.

"पट्ट्या कुठायत?" शेठ बाईंवरच ओरडला. "ग्लोव्ह्जखाली हाताला पट्ट्या गुंडाळतात. बोटं मोडतील नाहीतर! आणि हे नाडीचे ग्लोव्ह्ज आहेत, लढतीचे. सरावाला हे कोण घालतं? आमचे सरावाचे वेगळे असतात, नुसते चिकटवायचे."

"घातले असतील एखाद्या दिवशी."

"कसे घालणार? एका हाताची नाडी बांधेल दातानं. तो हात ग्लोव्ह्जमध्ये गेल्यावर दुसऱ्याची कोण बांधणार? त्याची आजी?"

बाईंना हा माणूस घाणेरडा वाटला होता, आणि तो होताच. पण घाणेरड्या माणसाचं म्हणणं खरं असू शकतं, एवढं त्या नोकरीत शिकल्या होत्या.

डॉक्टरांनी बाकीचं सांगितलं. हृदय बंद पडलं. अंगात पाण्याचा थेंब नव्हता. "आणलं तेव्हा अंग चांगलं गरम होतं, म्हणजे जाऊन फार वेळ झाला नसणार. दोन्ही हातांवर मुका मार आहे, करंगळीच्या बाजूला, मुठीच्या कडेला. बॅगवर मारून सुजले असतील. आणि वजन सहासष्टच्या जरासं वर."

"सहासष्ट?" शेठच्या हातातला एक फोन खाली आला. "काल सकाळी तो अडीच किलो जास्त होता. मी स्वतः काट्यावर उभा केला होता."

"मग सरावात उतरलं."

"डॉक्टर, पाणी तोडलेल्या माणसाच्या अंगात घाम असतो कुठे? बॅगवर दिवसभर मारलं तरी अर्धा किलो हलत नाही. अडीच किलो!" मग त्याचे डोळे लकाकले. "म्हणजे आज तो वजनात बसला असता!" असं म्हणून तो खरोखरच हळहळला. माणूस गेल्याबद्दल नाही, वजन वाया गेल्याबद्दल.

बाईंनी ग्लोव्ह्ज उलटेपालटे करून पाहिले. हॉस्पिटलवाल्यांनी ते कात्रीनं कापून काढले होते, नाड्यांचे तुकडे झाले होते. पण एवढं स्पष्ट होतं: गारगोटीच्या हातात ते दुसऱ्या कुणीतरी चढवले. आणि मेलेल्या माणसाला सराव करताना दाखवायचं असेल तरच कुणी असला उपद्व्याप करतं.

३

हॉलमधला माणूस नेमका कधी मेला? इथे बाईंची गाडी अडत होती, कारण वार्ताहर मुलगी ठाम होती.

"मी स्वतः ऐकलं," ती म्हणाली. तिनं एव्हाना 'शेवटचे ठोसे ऐकणारी मी' असा लेखही छापून टाकला होता. "धाड, धाड, धाड. मी विचारलं, आत कोण आहे? उस्ताद म्हणाले, चॅम्पियन. काय ताकद होती! माझ्या तर अंगावर काटा आला."

"मुलाखत कशावर होती?"

"वजन उतरवण्याच्या अघोरी पद्धतींवर. उस्ताद इतकं सुंदर बोलले! माझ्या डोळ्यांत पाणी आलं."

तर मग मुलाखतीच्या वेळी चॅम्पियन जिवंत होता आणि उस्ताद पुढच्या खोलीत होते. ते गेल्यानंतर कुणीतरी आलं. जिमच्या किल्ल्या आणखी दोघांकडे होत्या: शेठ आणि मेहुणा. शेठ दुपारपासून संध्याकाळपर्यंत आव्हान देणाऱ्याच्या हॉटेलात बसून कुणाचं नाव पोस्टरवर आधी यावं यावर घसा कोरडा करत होता. त्याला पाहणारी दहा माणसं होती.

राहिला मेहुणा. चॅम्पियनच्या बायकोचा धाकटा भाऊ. जन्मात एकदाही रिंगमध्ये न उतरलेला हा प्राणी चोवीस तास ट्रॅकसूट घालून फिरे, म्हणून लोक त्याला 'हिरो' म्हणत. दाजींची पोस्टरं छापायची, दाजींच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढायचे, हा त्याचा धंदा. प्रेत त्यालाच सापडलं होतं.

बाईंनी मनात हिशेब मांडला. पट्ट्या न बांधता ग्लोव्ह्ज चढवणारा, सरावाला लढतीचे लाल ग्लोव्ह्ज घालणारा कोण? ज्यानं बॉक्सर फक्त पोस्टरवर पाहिलाय तो. त्यांनी हिरोला ठाण्यात बोलावलं आणि समोर बसवलं.

"दाजींना ग्लोव्ह्ज तू घातलेस."

हिरोचं तोंड उघडंच राहिलं. "मी? मॅडम, आईशप्पथ नाही! मी गेलो तेव्हा घातलेलेच होते. माझ्याकडे पुरावा आहे."

"कसला पुरावा?"

हिरोची मान खाली गेली. मग ट्रॅकसूटच्या खिशातून त्यानं मोबाइल काढला. हात लावून, हाक मारून, माणूस गार पडलाय की गरम आहे हे पाहण्याच्या आधी त्यानं फोटो काढला होता. एक नाही, वेगवेगळ्या बाजूंनी सात-आठ. एकात तर कोपऱ्यात त्याचा स्वतःचा अर्धा चेहराही आला होता.

"आधी फोटो काढलेस? सख्ख्या बहिणीचा नवरा जमिनीवर पडलाय आणि तू फोटो काढत होतास?"

"आठवण म्हणून, मॅडम," हिरो पुटपुटला. "पुढेमागे सिनेमा वगैरे निघाला तर..."

हवालदारानं खिडकीबाहेर पाहिलं. बाईंच्या हाताला त्याच्या कानाखाली आवाज काढण्याची अनावर इच्छा झाली. ती आवरून त्यांनी फोटो मोठा केला, आणि हिरोवरचा त्यांचा संशय तिथेच संपला.

४

फोटोत ग्लोव्ह्ज अजून कापलेले नव्हते. नाड्या मनगटाच्या आतल्या बाजूनं फुलीफुलीनं आवळून वर आणल्या होत्या. गाठ होती, पण नाडीचं एकही टोक लोंबत नव्हतं. चारही टोकं ग्लोव्हच्या कडेखाली नीट खुपसलेली.

बाईंनी तो फोटो शेठपुढे धरला. "नाडीची टोकं अशी आत का घालतात?"

"हे काय विचारणं झालं? मोकळं टोक समोरच्याच्या डोळ्यात गेलं तर पंच लढत थांबवतो. रिंगच्या कोपऱ्यात आयुष्य काढलेला माणूस झोपेतसुद्धा टोक आत खुपसतो. सवय असते बोटांना."

"हिरोला माहीत असेल?"

"हिरोला?" शेठ इतका हसला की शेजारच्या खोलीतून माणसं डोकावली. "त्याला बुटाची नाडी बांधता येत नाही!"

म्हणजे ग्लोव्ह्ज चढवणारा अडाणी नव्हता. अडाणी दिसावा अशी त्याची इच्छा होती. पट्ट्या विसरल्या नव्हत्या, टाळल्या होत्या. पण नाडी बांधताना डोकं सांगायचं विसरलं आणि बोटांनी जन्मभराची चाकरी बजावली. असे जाणकार दोन. शेठ हॉटेलात होता. उस्ताद मात्र... पण ते मुलाखत देत असताना चॅम्पियन जिवंत होता, आणि नंतरच्या थोड्याशा वेळात अडीच किलो घाम काढून माणूस मारता येत नाही.

बाई चॅम्पियनच्या घरी गेल्या. बायकोनं दार उघडलं. घरभर पुष्पगुच्छ पडले होते, तिनं एकालाही हात लावला नव्हता. न्हाणीघराच्या दाराशी वजनकाटा होता. तिनं तो पायानं बाजूला सारला.

"ताई, तुम्हाला काय लपवायचं? यंदा ते वरच्या वजनात जाणार होते. शेठजींनी परदेशातला नवा कोच ठरवून ठेवला होता. शेठजी कसेही असोत, पण ते तयार होते. त्यांना काय, वरच्या वजनातही किताब असतोच की."

"मग या वजनात लढायचा हट्ट कुणाचा?"

ती आश्चर्यानं पाहत राहिली. "उस्तादांचा. या इथे, याच खुर्चीवर बसून म्हणाले, 'पोरा, माझ्यासाठी एकदा. सहा बचाव झाले की माझं नाव कुणी पुसणार नाही. मग तू मोकळा.' यांना वडील नव्हते, ताई. उस्तादांना ते कधी नाही म्हणाले नाहीत. काल घरातून निघताना भिंतीला धरून चालत होते. मी म्हटलं, नका जाऊ. तर म्हणाले, 'शेवटचा घाम आहे, काढून येतो.'"

बाई पायऱ्या उतरल्या त्या जिना संपल्याचं भान नसल्यासारख्या. ज्याला त्यांनी उकिरड्यातला एकमेव बरा माणूस मानलं होतं, त्याचं पहिलंच वाक्य खोटं होतं. संतापापेक्षा त्यांना स्वतःची लाज अधिक वाटली: पांढरा सदरा आणि मऊ आवाज, एवढ्यावर त्या भाळल्या होत्या!

५

त्या थेट जिमवर गेल्या. बाहेरचं दार बंद होतं. घंटा वाजेना. त्यांनी मूठ आवळली आणि दारावर हाणली. धाड, धाड, धाड. आतून कुणी येईना, तशा त्या आणखी जोरात हाणू लागल्या.

आणि मध्येच थांबल्या. आपली मूठ त्यांनी डोळ्यांसमोर धरली. करंगळीच्या बाजूची कड लालबुंद झाली होती.

"बाई?" हवालदारानं विचारलं. "काय झालं?"

"ठोसा कसा मारतात? मारून दाखव."

हवालदारानं हवेत ठोसा मारला. बोटांच्या पेरांचे उंचवटे पुढे.

"आणि दार कसं ठोठावतात?"

हवालदारानं हात उचलला, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

वार्ताहर मुलीनं मुलाखत मोबाइलवर ध्वनिमुद्रित केली होती. बाईंनी तिला ठाण्यात बोलावून ती ऐकली. उस्तादांचा मऊ आवाज संथ वाहत होता: "माणसाच्या अंगातलं पाणी म्हणजे त्याचा प्राण..." आणि त्याच्या मागे, भिंतीपलीकडून, धाड. धाड. धाड.

"हाच तो आवाज!" मुलगी म्हणाली. "बघा, मी खोटं सांगत नव्हते."

"नव्हतीस सांगत. पुन्हा ऐक. साखळी ऐकू येते का?"

मुलीनं कान लावला. बाईंनी नुसता तळहात लावला होता तरी किंचाळणारी ती साखळी. इथे एवढे दणके बसत होते आणि साखळी मुकी होती. मुलीच्या ओठांवरचा लेखिकेचा अभिमान हळूहळू ओघळून गेला. मग ती तोंडावर हात ठेवून बाहेर पळाली.

बाई मात्र शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. दणके विरळ झाले. मग थांबले. त्या शांततेत उस्ताद काय बोलले, तेही त्यांनी ऐकलं. मग उठल्या आणि हवालदाराला म्हणाल्या, "पहार घे."

६

आता जिम उघडी होती. वाफेच्या खोलीचं दार जाड होतं, पण कडी जुन्या लाकडात होती. दोन हिसक्यांत निघाली. कुलूप मात्र नवं कोरं होतं. नदीत फेकलेल्या चावीचं कुलूप गंजायला हवं होतं.

आत लाकडी फळ्यांच्या भिंती, कोपऱ्यात तापवायचं यंत्र, त्यावर घाईघाईनं टाकलेल्या सरावाच्या चटया. चटयांखाली घाम काढायचा एक प्लॅस्टिकचा सूट होता, अंगाला चिकटणारा, एका बाहीला फाटलेला. हवालदारानं टॉर्च दाराच्या आतल्या बाजूवर धरला. लाकडावर ठोक्यांच्या खुणा होत्या. डोक्याच्या उंचीला सुरू होत होत्या. मग छातीच्या. मग कमरेच्या. शेवटच्या गुडघ्याच्याही खाली.

हवालदार गारगोटीची एकही लढत न चुकवणारा. तो बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

उस्ताद पुढच्या खोलीत आपल्या खुर्चीवर बसलेले होते. बाई समोर बसल्या.

"मी सांगते, चुकलं तर थांबवा. पोराला तुम्ही बोलावलंत. सूट घालून आत बसवलंत आणि बाहेरून कडी लावलीत."

"सगळेच लावतात," उस्ताद म्हणाले. आवाज अजून मऊच होता. "पोरं मध्येच बाहेर येतात आणि सगळी मेहनत वाया जाते. थोड्या वेळाचं काम होतं, बाई. नेहमीचंच."

"मग ती मुलगी आली."

"ठरल्या वेळेआधी आली."

"आणि तुम्ही तिला, वजन उतरवणं किती पाप आहे, ते सांगत बसलात. त्यानं दार ठोठावलं तेव्हा म्हणालात, चॅम्पियनचा सराव आहे. ती गेल्यावर दार उघडलंत. त्याला पुसलंत, कोरडी चड्डी घातलीत, बॅगखाली आणून ठेवलंत, कारण बॅगवर आहे असं तुम्ही बोलून बसला होतात. हात सुजलेले होते, म्हणून ग्लोव्ह्ज. पट्ट्या बांधल्या नाहीत, म्हणजे सूज बॅगची वाटेल आणि संशय हिरोसारख्या मूर्खावर जाईल. अंग गरम होतं ते त्या खोलीमुळे. त्यामुळे डॉक्टरही फसले."

उस्तादांनी सदऱ्याची घडी सारखी केली. "मी त्याला घडवला, बाई. टायर बदलणारं पोर होतं. वरच्या वजनात गेला असता तर त्या परदेशी माणसाचा चॅम्पियन झाला असता. माझं काय राहिलं असतं?"

"ते मला विचारायचं नाही. मला एकच सांगा. तो ठोठावत होता. मध्ये एक भिंत होती. उठून कडी का काढली नाहीत?"

"ती मुलगी समोर होती ना!" उस्ताद चिडून म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला होता, आणि तोही बाईंच्या मठ्ठपणावर. "त्या खोलीतून तो तिच्यासमोर बाहेर आला असता! मी काय सांगितलं असतं तिला? तीन वर्षं मी गावोगाव भाषणं देतोय! मला वाटलं, काढेल कळ. एवढा चॅम्पियन, थोडी कळ काढता येऊ नये?"

बाईंनी मोबाइल टेबलावर ठेवला आणि मुलाखतीचा शेवट लावला. धाड... धाड... मग काहीच नाही. मग उस्तादांचा आवाज, निवांत, हसरा: "दमला वाटतं. बरं, आता शांतपणे बोलता येईल. अजून काय विचारायचंय, विचारा."

ध्वनिमुद्रणातल्या मुलीनं विचारलं होतं, तुमच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं समाधान कोणतं. उस्ताद त्यावर बराच वेळ बोलले होते. बाईंनी ते पुन्हा ऐकवलं नाही. बंद केलं.

आतापर्यंत त्यांना खुनी भेटले होते, दरोडेखोर भेटले होते. कुणी रागानं मारलं होतं, कुणी भुकेनं, कुणी दारूच्या नशेत. त्यांच्याविषयी बाईंना चीड यायची, क्वचित दयाही. पण आपलं व्याख्यान अर्धवट राहू नये म्हणून ज्यानं माणूस मरू दिला, त्याच्यासाठी त्यांच्याकडे शिवीसुद्धा नव्हती. शिवी द्यायलाही समोर कुणी माणूस लागतो.

"चला," त्या म्हणाल्या.

उस्ताद उठले आणि दाराशी अडखळले. बाहेर शे-दोनशे माणसं जमलेली होती, मेणबत्त्या, फोटो, फुलं घेऊन. "बाई, एक विनंती. मागच्या दारानं न्या. एवढी लाज ठेवा माझी."

"पुढच्याच दारानं," बाई म्हणाल्या. या विनंतीनंतर तर नक्कीच.

दार उघडलं. बाईंना वाटलं होतं, पोलिसांच्या गराड्यातला म्हातारा बघून लोक चपापतील, कुजबुजतील, कुणीतरी समजून चुकेल. पण गर्दीला शहाणपण असतं तर ती गर्दी कशाला झाली असती? कुणीतरी ओरडलं, "उस्ताद!" मग दुसरा. मग सगळेच. "उस्ताद, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत!" "उस्ताद, मॅनेजरला सोडू नका!" लोकांना वाटलं, म्हातारा पोलिसांना मदत करायला निघालाय. एका बाईनं फूल पुढे केलं. दोघातिघांनी मोबाइल उंच धरून त्याच्यासोबत स्वतःचे फोटो काढून घेतले. त्यात ट्रॅकसूटवाला हिरो सर्वांत पुढे होता. शेठ कानाला फोन लावून एका बाजूला उभा होता आणि पलीकडच्याला सांगत होता, "गर्दी बघ, गर्दी! श्रद्धांजली लढत हाउसफुल्ल आहे म्हणून समज."

पायऱ्या उतरताना वाकलेली उस्तादांची पाठ हळूहळू ताठ होत गेली. मान वर आली. गाडीपाशी पोचेपर्यंत त्यांनी फूल सदऱ्याला लावून घेतलं होतं आणि उजवा हात लोकांकडे उंचावला होता.

हवालदारानं त्यांना आत ढकललं, गरजेपेक्षा जरा जोरात. बाई शेजारी बसल्या. गाडी गर्दीतून हळूहळू निघाली, काचेवर हात थापटले जात होते. उस्ताद काचेतून शेवटच्या माणसापर्यंत बघत राहिले. मग वळले. डोळे खरोखरच भरून आले होते.

"बघितलंत ना, बाई?" ते म्हणाले. "केवढं प्रेम आहे!"